कुठली कड ठेवायची

सकाळी सात-साडेसातला जुन्या नाशकाच्या बाजूनं गोदाघाटावर उभं राहिलं की पंचवटी समोर येते आणि ऊन तिच्या पाठीमागून. पलीकडच्या पायरीवर कुणी बाई धुणं धुत असते. पण डोळ्यांना आधी बाई दिसत नाही. दिसतो एक काळपट डाग, कमरेत मोडलेला, पाठीच्या कडेवर उन्हाची बारीक रेघ घेतलेला. खालची बाजू ओल्या दगडात विरलेली, लुगडं कुठे संपलं आणि पायरी कुठे लागली ते कळत नाही. हात पुढे गेला, कपडा आपटला, की मग डागाची बाई होते.

मूर्त आणि अमूर्त यांच्या मधल्या जागेत काम करणाऱ्या चित्रकाराला जे हवं असतं ते या दोन-तीन क्षणांत आहे. डाग अजून डागच आहे आणि बाई व्हायच्या बेतात आहे. कॅनव्हासवर ही अवस्था टिकवून धरायची, पुढे जाऊ द्यायची नाही आणि मागेही सरकू द्यायची नाही. हे काम चेहऱ्यानं होत नाही, कपड्याच्या चुण्यांनी होत नाही, ते कडांनी होतं. आकाराची कुठली कड ठेवायची आणि कुठली घालवायची, हा निर्णय जिथे चुकतो तिथे ते चित्र चुकतं, मग रंग कितीही देखणे असोत.

या प्रकारात सर्वांत जास्त दिसणारी चूक आधी सांगून टाकतो. नाइफनं, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीनं, जाड पोत काढून, रंग ओघळू देऊन एक 'अमूर्त' पार्श्वभूमी तयार करायची आणि ती वाळल्यावर तिच्यावर बुद्धाचा चेहरा, घोडा किंवा पाठमोरी स्त्री नीट रेखून बसवायची. यात मूर्त आणि अमूर्त शेजारी राहतात, एकमेकांना ओळखत नाहीत. आकृतीची कड सगळीकडून सारखीच धारदार असते, कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. हा चेहरा उचलून दुसऱ्या पोतावर ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि हीच त्या चित्राची परीक्षा आहे. घाटावरच्या बाईला तिथून उचलता येत नाही. उचलली तर पायरीचा तुकडाही सोबत येईल.

याच्या उलट दुसरी चूक, नवशिक्यांची: आकृती काढायची आणि मग फडक्यानं सगळीकडून पुसायची. पुसलं की अमूर्त झालं, असं वाटतं. होतं ते धुकं. सगळ्या कडा सारख्याच मऊ झाल्या तर नजरेला धरायला काही उरत नाही, चित्र लांबून ओलं आणि जवळून आळशी दिसतं.

कड घालवायचे मार्ग दोन आहेत आणि त्यांत फरक करायला शिकणं फार महत्त्वाचं. पहिला पुसण्याचा. रंग ओला असताना फडकं, कोरडा ब्रश किंवा बोट फिरवून दोन रंग एकमेकांत ओढायचे. दुसरा टोन जुळवण्याचा. भगवं उपरणं आणि त्यामागचा राखाडी दगड रंगानं कितीही वेगळे असले, तरी दोघांचा गडदपणा सारखा केला की मधली कड डोळ्याला सापडेनाशी होते. ब्रश कुठेही मऊ फिरवलेला नसतो, कड जागेवर स्वच्छ असते, तरी ती दिसत नाही. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहिला की लगेच कळतं: जिथे उपरणं आणि दगड एकच करडा पट्टा झाले, तिथे टोन जुळला. पुसलेली कड धुरकट वाटते, टोननं घालवलेली कड उजेडासारखी वाटते. घाटावर सकाळी जे घडतं ते दुसऱ्या प्रकारचं असतं. म्हणून पुसण्याआधी टोन जुळवून पाहावा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच फडकं उचलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. समजा ३६ बाय ४८ इंचांचा कॅनव्हास आहे. एवढ्या मापाला चौकटीच्या मधे एक आडवी पट्टी लागतेच, नाहीतर ताणाखाली लाकूड आत वाकतं. कापड चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त, म्हणजे ४२ बाय ५४ कापायचं. स्टेपल चारही बाजूंच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे जायचं. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मधे झोळ राहतो आणि तो नंतर कशानं जात नाही. अस्तराला जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात: पहिला चार भाग जेसो आणि एक भाग पाणी, म्हणजे तो कापडात उतरतो, पुढचे दोन जवळजवळ दाट. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. आणि त्यावर ऑइल, म्हणजे तैलरंग, लावणार असाल तर शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबायचं. वरून जेसो तासाभरात कोरडा लागतो, पण आतलं पाणी निघायला वेळ लागतो.

जुन्या पद्धतीनं जनावराच्या सरसाचं अस्तर करणारेही आहेत. नाशिकच्या हवेत ते मला पटत नाही. पावसाळ्यात सरस ओलावा शोषून ढिला पडतो, उन्हाळ्यात आखडतो, आणि या दरवर्षीच्या ताणाताणीत वरचा ऑइलचा कडक थर तडकतो. कॅनव्हास पावसाळ्यात सैल झाला तर मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हातानं ठोकायच्या, पण थोड्याच, कारण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास ढोलकीसारखा ताणला जातो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासला जून ते सप्टेंबरमध्ये मागून बुरशी धरते. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर आणि मागे हवा खेळती, एवढं पुरतं.

ॲक्रिलिकवाल्यांना, म्हणजे पाण्यानं पातळ होणारा आणि लवकर वाळणारा रंग वापरणाऱ्यांना, इथला हिवाळा फसवतो. ॲक्रिलिकचा थर नीट जुळून यायला साधारण ९-१० अंशांच्या वर तापमान लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा त्याच्या बराच खाली जातो, आणि शहरातही पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे तीच गत असते. रात्री उशिरा लावलेला थर सकाळी वाळलेला दिसतो, पण आतून ठिसूळ राहतो, नखानं उकलतो. उलट एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की पातळ थर पाच-दहा मिनिटांत बसतो आणि ओल्यात ओलं मिसळायला सवडच मिळत नाही. ज्याला कडा ओढायच्या आहेत त्याला हा वेळच तर हवा असतो. म्हणून या कामाला मी ऑइलच सुचवीन; फार तर खालचा पहिला थर ॲक्रिलिकचा करा. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं. ऑइलवर ॲक्रिलिक कधीही नाही, ते पापुद्र्यासारखं सुटतं.

पांढऱ्या अस्तरावर थेट सुरुवात करू नये. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर मधल्या टोनचा हात फिरवायचा आणि लगेच फडक्यानं टिपून घ्यायचा. अंबर लवकर वाळतो, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. यावर कोळशानं रेखाटन. आणि इथे थोडं उलटं वाटेल, पण या टप्प्यावर आकृती पूर्ण काढायची: बाईचा कणा कुठे वळतो, वजन कुठल्या पायावर आहे, खांद्यापासून मनगटापर्यंतची ओळ, पायाखालची पायरी. जे नीट मांडलंच नाही ते घालवता येत नाही. शरीराची माहिती नसलेल्या हातानं घालवलेला खांदा नुसता चुकलेला खांदा दिसतो. मग जास्तीचा कोळसा कापडानं झटकायचा, नाहीतर तो ऑइलमध्ये मिसळून पहिल्याच थराला काळपटपणा आणतो.

दगडासाठी ट्यूबमधला काळा घेऊ नये. नाशिकचा दगड बेसाल्टचा, पण तो काळा असतो असं म्हणणं अर्धवट आहे. कोरडा असताना तो करडा, जरासा तपकिरी असतो. ओला झाला की एकदम गडद होतो आणि त्याच वेळी आभाळ परावर्तित करतो. म्हणजे एकाच पायरीचा उभा भाग जवळजवळ काळा आणि आडवा भाग जवळजवळ पांढरा. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी निम्मे-निम्मे मिसळून जो गडद मिळतो तो इथे कामाला येतो. निळा वाढवला की ओला, थंड दगड. सिएना वाढवली की ऊन खाल्लेला. हाच मिश्र रंग बाईच्या सावलीतही वापरायचा. आकृती आणि जागा एकाच रंगातून निघाल्या की त्यांना शिवण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

पहिला रंगाचा थर टर्पेंटाइननं पातळ, दुसरा ट्यूबमधून आला तसा, तिसऱ्यात थोडं जवसाचं तेल, टर्पेंटाइनइतकंच. खालून वर तेल वाढत गेलं पाहिजे. उलटं झालं, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडं, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत भेगा पडतात. टर्पेंटाइनचाही अतिरेक नको; रंगाला धरून ठेवणारं तेलच उरलं नाही तर तो थर बोटाला भुकटीसारखा लागतो.

आता पुसण्याची वेळ. ऑइल लावल्याच्या दिवशीच काय ते ओढायचं, पुसायचं, खरवडायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग चिकट असतो, ना ओला ना सुका. तेव्हा फडकं लावलं की वरचा रंग सरकतो, खालचा उखडतो आणि मधे मेणचट डाग राहतो. या दिवसांत कॅनव्हासला हात लावू नये. टायटॅनियम व्हाइट असलेला भाग तर आठवडाभर बाजूला ठेवावा लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळल्यावर मग पुसता येत नाही, झाकता येतं. झाकणं हाही कड घालवण्याचाच प्रकार आहे, आणि मला तो पुसण्यापेक्षा धीट वाटतो: बाईच्या पाठीवरून पायरीचाच आडवा पट्टा सरळ ओढून न्यायचा, दोन बोटं आत. पाठ तेवढी कापली जाते. शिल्लक राहिलेल्या भागावरून नजर ती पुरी करते.

फडक्यांची एक गोष्ट इथेच, कारण ती जिवाशी आहे. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पसरून दोरीवर वाळवावीत, किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत. मे महिन्यात तर विसरून चालणारच नाही.

माणूस ओळखायला डोळ्याला किती कमी लागतं, हे या कामात सारखं लक्षात ठेवावं लागतं. उभा डाग आणि वर छोटा गोल ठिपका, एवढ्यावर लांबचा माणूस तयार होतो. दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ, झाला चेहरा. त्यामुळे नको तिथेही माणसं उगवतात. नाइफच्या एका फटकाऱ्यात कोपऱ्यात कुणी उभं राहतं आणि मग सगळं चित्र त्याच्याकडे पाहत बसतं. कॅनव्हास उलटा करून पाहणं, आरशात पाहणं, बारा-पंधरा फुटांवरून डोळे बारीक करून पाहणं, हे तिन्ही रोज करावं. असा आगंतुक सापडला तर त्याच्या डोक्याचा ठिपका शेजारच्या रंगात मिळवला की पुरे.

आणखी एक बारीक मुद्दा डोक्यांच्या ओळीचा. सपाट जागेवर आपण उभे असलो तर जवळची-लांबची सगळी उभी माणसं लहान-मोठी दिसतात, पण त्यांची डोकी साधारण एकाच पातळीवर, आपल्या डोळ्यांच्या ओळीत येतात. बुधवारच्या बाजारात घाटावर मोकळ्या फरशीवर हे स्पष्ट दिसतं. चित्रात डोकी या ओळीत ठेवली की खोली तयार होते, मागे जाता येतं, ते मूर्त अवकाश झालं. ओळ मोडली की अवकाश चपटा होतो. पायऱ्यांवर ही ओळ आपोआप मोडते, कारण प्रत्येक जण वेगळ्या उंचीवर उभा, बसलेला, वाकलेला. म्हणून घाट हा विषय या चित्रकाराला इतका जवळचा. तिथे खोली आणि सपाटी दोन्ही हाताशी असतात: पायऱ्यांचे आडवे पट्टे, त्यांवर वाळत घातलेल्या साड्यांचे दुसरे आडवे पट्टे, आणि मधूनच एखादा उभा माणूस.

पुरात तर नदीच हे काम करते. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सगळं गाव घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघतं: पाणी कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत. चित्रकारानं त्याच वेळी पात्रातल्या छोट्या देवळांकडे बघावं. पायऱ्या गेल्या, चौथरे गेले, गढूळ तांबूस पाण्याच्या एका सपाट रंगावर फक्त शिखरांचे त्रिकोण उरले. वस्तू जिथे जमिनीला टेकते ती जागा काढून घेतली की वस्तू आकार होते. माणसाचंही तसंच. पायाखालची सावली आणि पावलं घालवली की उरलेलं शरीर कितीही नीट काढलेलं असो, ते तरंगायला लागतं, रंगाच्या तुकड्याजवळ जातं. उलट बाकी सगळं मोघम ठेवून फक्त पाऊल आणि पायरी यांच्यातली ती काळी फट स्वच्छ ठेवली, तर अख्खा माणूस तिथे उभा राहतो.

दुसरा धडा रंगपंचमीच्या रहाडींचा. पेशवेकाळापासूनचे हे हौद एरवी बुजवलेले असतात आणि रंगपंचमीला उघडतात. तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाला धप्पा मारून, म्हणजे रंगाच्या हौदात उडी घेऊन, बाहेर निघालेल्यांकडे पाहा. सदरा, कातडी, केस सगळं एकाच रंगाचं. ओळखीचा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, पण तो डोळे पुसायला हात वर नेतो त्या ढबीवरून ओळखू येतो. आतले सगळे फरक गेले आणि बाहेरची कड व हालचाल राहिली. पुसण्याच्या अगदी उलटा प्रकार हा: आतून सपाट, बाहेरून धारदार. चित्रकार तैयब मेहतांच्या चित्रांत सपाट रंगाच्या पट्ट्यांमधून शरीरं मोडत, कोसळत येतात, तिथली ताकद या जातीची आहे. १९६९ पासून त्यांनी कॅनव्हास तिरक्या रेषेनं छेदायला सुरुवात केली, आणि त्या छेदानं शरीर दोन तुकड्यांत विभागलं तरी ते शरीरच राहतं, कारण तुकड्यांच्या कडा कुठेही घाबरलेल्या नाहीत.

चित्रकार रामकुमार १९६० मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर वाराणसीला गेले. त्याआधी त्यांच्या चित्रांत शहरातली उदास, मोठ्या डोळ्यांची माणसं असायची. वाराणसीनंतर माणसं गेली. घरं, घाट, पाणी एकमेकांवर रेलून राहिलं. घाटाचं चित्र करणाऱ्या प्रत्येकानं हे पाहून ठेवावं, आणि नक्कल करायच्या मोहातून बाहेरही यावं. माणसं काढून टाकण्याचा निर्णय त्यांनी वर्षानुवर्षं माणसं रंगवल्यावर घेतला होता. शिवाय ही वाट एकाच दिशेनं जाते असंही नाही. अमेरिकेतले चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न अमूर्त करता करता १९५५ च्या सुमारास आकृतीकडे आले, बारा वर्षं खिडक्या, टेबलं, बसलेल्या बायका रंगवल्या आणि १९६७ मध्ये पुन्हा अमूर्ताकडे गेले. त्यांच्या नंतरच्या अमूर्त चित्रांत खिडकीची चौकट आणि उजेड आपल्याला जाणवत राहतो. आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे मात्र या मधल्या जागेतले नव्हेत. रोलर आणि नाइफनं थर चढवत, काढत ते जिथे पोचले तिथे वस्तूचा प्रश्नच उरलेला नाही. त्यांची पद्धत घेऊन त्यात आकृती घुसवली की दोन्ही बिघडतं.

नाशकात बहुतेकांचा हात जलरंगात घडलेला असतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी इथलं निसर्गचित्रण ज्या उंचीवर नेलं, त्याचा हा वारसा. तो ऑइलमध्येही उपयोगी पडतो, कारण जलरंगवाल्याला कागदाची चमक जाण्याची वेळ ठाऊक असते: पाणी चकाकतंय तोवर कड विरघळते, चमक गेली आणि कागद नुसता दमट राहिला की ब्रश लावायचा नाही, डाग फुलतो. ऑइलमधला दुसरा-तिसरा दिवस म्हणजे तीच दमट वेळ, फक्त लांबलेली. पण जलरंगाची एक सवय सोडावी लागते, पांढरं राखून ठेवण्याची. ऑइलमध्ये उजेड शेवटी येतो, दाट, वरून. बाईच्या पाठीवरची उन्हाची रेघ ही शेवटच्या दिवसाची गोष्ट.

ती रेघ किती लांब? इथे चित्र सर्वांत जास्त वेळा हातचं जातं. मानेपासून कमरेपर्यंत सलग ओढली तर लगेच बाई होते, पोस्टरवरची. तीन ठिकाणी तोडली तर रेघेचे तुकडे दागिन्यासारखे चमकतात. खांद्याच्या वळणावर एकदा, भरपूर रंग घेऊन, नाइफच्या टोकानं, साधारण दोन इंच. आणि मग खाली, जिथे पदर पायरीला टेकतो तिथे त्याच रंगाचा एक बारीक स्पर्श, पण अर्ध्या उजेडाचा. मधली पाठ दगडाच्या टोनमध्ये तशीच बुडू द्यायची. नाही जमलं तर रंग ओला असतानाच नाइफनं उचलून घ्यायचा आणि पुन्हा लावायचा. तिसऱ्यांदाही नाही जमलं तर त्या दिवशी थांबायचं, कारण चौथ्या वेळी पांढऱ्यात खालचा निळा-सिएना मिसळायला लागतो आणि उन्हाचा चिखल होतो.

मग कॅनव्हास सरळ उजेडापासून दूर, खेळत्या हवेत ठेवून द्यायचा. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नको, जाड थर असतील तर वर्षभर थांबावं. भिंतीवर लावताना समोर बारा फूट तरी मोकळे हवेत. तेवढ्यावरून वाकलेली बाई दिसते. तीन फुटांवर आलं की दगडाच्या रंगातला एक मोडलेला पट्टा, त्यावर उन्हाची दोन इंचांची जाड रेघ आणि खाली पदराशी एक बारीक ठिपका.